भिंतीचं शेवाळ, चुलीची माती

आषाढात कुलाबा जिल्ह्यात हौसेने कोणी फिरायला जात नाही. मीही गेलो नसतो. शेतकी खात्यात लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं, नोकरी हंगामी होती, आणि माझं गाव बार्शीकडचं. आमच्याकडे भात सणाला शिजतो. तो चिखलात कसा उभा राहतो हे मी पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं, तेवढंच. तरी एके दिवशी वरच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, की जपानी पद्धतीची भातलावणी दाखवायला तिकडून एक तज्ज्ञ आले आहेत, त्यांना घेऊन उरणपासून तळा गावापर्यंत जायचं आणि वाटेत निदान एका गावात तरी एक खाचर त्या पद्धतीने लावून घ्यायचं. "एकही मिळालं नाही तर पुढच्या वर्षी या भागात योजना नाही," ते म्हणाले. योजना नाही म्हणजे मीही नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मला इंग्रजी बरं येत होतं, एवढ्यावर माझी निवड झाली होती.

तज्ज्ञांचं नाव तोकुदा. वय पन्नाशीचं, उंची माझ्या खांद्याइतकी, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. इंग्रजी मोजून-मापून बोलायचे. मराठी शब्द चारच येत होते: पाणी, भात, बस आणि आभारी आहे. उरणच्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव "तोकडासाहेब" करून टाकलं. चार दिवसांनी त्यांनी मला त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी चाचरत सांगितला, तर स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बरोबर आहे."

उरण

भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदरापर्यंत लाँचने आलो. समुद्र इतका उसळत होता, की मी सारा वेळ कठड्याला धरून पोट रिकामं करत होतो. तोकुदा शेजारी उभं राहून माझी पिशवी सांभाळत होते. पाहुण्याची बडदास्त ठेवायला निघालेल्या माणसाची ही सुरुवात.

सभा एका आगरी गावात, देवळाच्या मंडपात होती. मिठागरं पावसात बुडाली होती, पाण्यातून नुसत्या बांधांच्या रेघा वर आलेल्या. तीसेक माणसं जमली. मी खात्याचं पत्रक काढलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो: गादीवाफे कसे करावेत, बी कमी कसं वापरावं, दोरी ताणून ओळीत लावणी कशी करावी. म्हादू पाटील नावाचे एक म्हातारे पुढेच बसले होते. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"मास्तर, हितं लावनी करतो कोन? ही खारी जमीन. आमी बी भिजवतो, मोड आनतो नि चिखलात फेकतो. तुमची दोरी बांधू कुठं, पान्याला?"

मंडप हसला. मी "शंका शेवटी विचाराव्यात" असं म्हणून पत्रक पुढे वाचलं. तोकुदांनी मला हळूच विचारलं, ते काय म्हणाले? मी सांगितलं, "विचार करू म्हणाले."

सभा संपल्यावर तोकुदा एकटेच शेताकडे गेले. वाकून चिमूटभर चिखल घेतला आणि जिभेवर ठेवला. खात्याच्या जीपमध्ये बसल्यावर बऱ्याच वेळाने म्हणाले, "जमीन खारी आहे. इथे लावणी होत नाही. त्या वृद्ध गृहस्थांनी हेच सांगितलं ना?"

मी हो म्हणालो. ते रागावले नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटलं. पुढे म्हणाले, "उद्यापासून कागद पिशवीत ठेवू या."

अलिबाग

पनवेल, पेण करत आम्ही अलिबागेला पोचलो तेव्हा पावसाला उसंत म्हणून नव्हती. ठरलेल्या सभेला एकही माणूस आला नाही. जीपचं मागचं चाक एका वाडीच्या तोंडाशी चिखलात रुतलं, आणि ज्यांच्या दारात ते रुतलं ते अनंतबुवा आम्हाला घरात घेऊन गेले. सत्तरीचे, अंगावर पंचा, नारळ-सुपारीची जुनी वाडी. चहा झाला, पावसाची चौकशी झाली, दोन तास गेले. जेवायला वालाचं बिरडं, कोळंबीची आमटी आणि तांदळाची भाकरी. आमच्या ज्वारीच्या भाकरीला दातांची गरज लागते, ही जिभेवरच मोडते. तोकुदांनी भात तीनदा मागून घेतला. अनंतबुवांच्या कुटुंबाला त्यांच्याबद्दल माया वाटायला तेवढं पुरे झालं.

दुपारी पाऊस थोडा उघडला आणि तोकुदा दिसेनासे झाले. शोधलं तर वाडीच्या गडग्यासमोर उकिडवे बसलेले. दगडांच्या त्या भिंतीवर शेवाळाची हिरवीगार साय धरली होती. ते तिच्यावरून तळहात फिरवत होते, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"हे काय चाललंय?" अनंतबुवांनी मला विचारलं. "आमच्या पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर रोज कोणीतरी त्या शेवाळावरून घसरतं. ह्यांना त्याचं काय कौतुक?"

तोकुदांनी खिशातून छोटी कात्री काढली आणि परवानगी मागितली. मिळाल्यावर त्यांनी शेवाळाचा हातरुमालाएवढा थर अलगद सोडवला. गडग्याच्या फटीतून एक लहानसा नेचा मुळांसकट काढला. वाडीतली माती ओली करून तिचा पेरूएवढा गोळा केला, त्यात नेच्याची मुळं बसवली आणि भोवती शेवाळ गुंडाळलं. कुंडी नाही, परडी नाही. हिरवा गोळा आणि त्यातून वर आलेली चार नाजूक पानं. "कोके म्हणजे शेवाळ," ते म्हणाले, "दामा म्हणजे गोळा. आमच्या घरी असंच म्हणतात." पण बांधायला त्यांच्याजवळ शिवणाचा दोरा होता, तो ओला होताच तुटला.

अनंतबुवा आत गेले आणि हाताने वळलेला बारीक सुंभ घेऊन आले. गोळा बांधून झाल्यावर त्यांनी तो उचलून सगळीकडून पाहिला.

"ही तर गुटी," ते म्हणाले.

आणि तोकुदांचा हात धरून त्यांना चिकूच्या झाडाकडे घेऊन गेले. फांदीची साल गोल सोलून, तिथे माती आणि ओलं शेवाळ लावून, वर गोणपाट बांधून ठेवलेलं होतं. मुळं फुटली की फांदी कापायची आणि नवं झाड म्हणून लावायची. तोकुदांनी ते बांधलेलं कलम बोटांनी चाचपून पाहिलं आणि भराभर जपानीत बोलायला लागले. अनंतबुवा मराठीत उत्तर देत होते. मी भाषांतरासाठी पुढे झालो, पण माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. शेवटी मी ओट्यावर जाऊन बसलो. संध्याकाळपर्यंत ते दोघे या झाडाकडून त्या झाडाकडे फिरत होते, आणि त्यांचं काही अडलेलं मला दिसलं नाही.

निघताना अनंतबुवांनी सुंभाचं एक मोठं भेंडोळं तोकुदांच्या हातात ठेवलं. "आमच्याकडे लावणीची शेती नाही, नाहीतर तुम्हाला खाचर दिलं असतं," ते मला म्हणाले. "आत तळ्याकडे जा. तिथे भातच भात आहे."

तळ्याकडे

रोह्याच्या रस्त्यावर तो गोळा फुटला. तोकुदांनी तो मांडीवर धरला होता. एका खड्ड्यात जीप आदळली आणि त्यांच्या मांडीवर नुसती वाळूमिश्रित माती उरली. समुद्राकाठची पुळणीची माती ती, धरून राहणार किती वेळ? त्यांनी नेचा ओल्या रुमालात गुंडाळला, शेवाळ पिशवीत ठेवलं आणि मांडी झटकली.

तळा हे डोंगरात वसलेलं छोटं गाव, वर किल्ला, खाली उतरत्या खाचरांच्या पायऱ्या. तिथे शाळेत सभा झाली. या वेळी मी पत्रक काढलं नाही, तरी फरक पडला नाही. सभेला म्हातारेच जास्त. तरुण माणसं मुंबईला गिरण्यांत, गोदीत. "मुलगा मुंबईला आहे, त्याला विचारायला हवं," हे उत्तर मी त्या दिवशी नऊ वेळा ऐकलं. दहाव्या माणसाने आम्हाला शेजारच्या वाडीवर जायला सांगितलं. वाडीच्या अलीकडे ओढा भरून आला होता, जीप पुढे जाईना. आम्ही काठ्या टेकत पलीकडे गेलो, आणि मग पाणी इतकं चढलं की परतायची सोय राहिली नाही.

वाडीत पहिलं घर हिराबाईंचं. नवरा मुंबईला गिरणीत, घरात त्या आणि म्हातारे सासरे. पस्तिशीच्या असतील. दिवसभर लावणी करून नुकत्याच आल्या होत्या, पायांवर चिखल तसाच. सासऱ्यांनी पडवीत घोंगडी टाकून दिली आणि आम्ही कोण, कुठले हे विचारून घेतलं. दोरीने लावणी हे ऐकल्यावर ते म्हणाले, "भात काय शाळंतली पोरं हायत, रांगेत उभी करायला?"

तोकुदांना नेच्याची काळजी लागली होती. पिशवीतलं शेवाळ काळं पडलं होतं. मी हिराबाईंना म्हणालो, "वहिनी, साहेबांना थोडं शेवाळ हवंय. मिळेल का?"

त्या जरा घोटाळल्या. "आत्ता? हंगाम सरत आला, भाऊ. बगते."

तासाभराने त्यांनी दोन ताटल्या आणून ठेवल्या. तांदळाची भाकरी आणि सुकट घातलेली कसलीशी तपकिरी, दाट भाजी. "रानातली आंबट काकडं घातल्यात," त्या म्हणाल्या, "घसा खवखवायचा न्हाय."

तोकुदा मांडी घालून बसले आणि गंभीरपणे ती भाजी खाल्ली. ताटली स्वच्छ पुसून मला म्हणाले, "आम्ही इतकी वर्षं शेवाळ वाढवतो, पण खाऊन कधी पाहिलं नाही. फार चांगलं लागतं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या भागात पावसाच्या सुरुवातीला जमिनीतून जे कोंब येतात, त्यांना शेवळं म्हणतात. मी शेवाळ मागितलं होतं, त्यांनी घरामागच्या रानात जाऊन उरलीसुरली शेवळं आणली होती. मी उठून परसातल्या भिंतीवरचं हिरवं शेवाळ दाखवलं, तशा त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. सासरेही हसले. तोकुदांना समजावून सांगितल्यावर ते सगळ्यांत जास्त हसले.

सकाळी ते कामाला बसले. परसातली माती घेतली, भिजवली, गोळा केला. गोळा भेगाळला. पुन्हा केला, पुन्हा ढासळला. हिराबाई आवण, म्हणजे लावणीची रोपं, उपटायला निघाल्या होत्या, त्या दारात थबकल्या. तिसऱ्यांदा गोळा फुटल्यावर त्यांना राहवलं नाही.

"साहेबांना सांगा, ती माती न्हाय गोळा धरायची. वरची तांबडी हाय, निस्ती ढासळते."

उरणसारखं उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मी त्यांचं बोलणं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. तोकुदांनी हातातली माती खाली ठेवली आणि हिराबाईंकडे तोंड करून बसले. "मग कुठली घ्यायची?"

त्या ओढ्याच्या काठावर गेल्या आणि टोपलीभर करडी चिकणमाती घेऊन आल्या. चुली घालायला वापरतात ती. तिच्यात दोन मुठी भाताचं तूस टाकलं आणि टाचेने मळायला लागल्या. "निस्ती चिकण घेतली तर सुकून भेगा पडत्यात. तूस धरून ठेवतं." मळून झाल्यावर त्यांनी गोळा केला, अंगठ्याने खळगा पाडला, नेच्याची मुळं पसरून बसवली, वरून शेवाळ दाबलं आणि सुंभाचे चार वेढे दिले. मग तो गोळा या हातातून त्या हातात टाकून पाहिला. एक कणही गळला नाही.

तोकुदा उठून उभे राहिले आणि त्यांनी हिराबाईंना कमरेत वाकून नमस्कार केला. आपल्याकडे देवापुढे वाकतात त्याहून खाली. हिराबाई गोंधळून मागे सरकल्या. पडवीत सासऱ्यांनी विडी तोंडातून काढली.

"ह्ये कशापायी शिकले साहेब?" हिराबाईंनी मला विचारलं. "भाताचं शिकवायला आले नि रोपट्याशी खेळत बसलेत."

मी विचारलं. तोकुदा थांबून थांबून बोलले आणि मी तसंच थांबून थांबून सांगत गेलो. लढाईत त्यांचं शहर जळालं. सैन्यातून ते परत आले तेव्हा घराच्या जागी काही नव्हतं, आई एका पत्र्याखाली राहत होती. तिला झाडांचा नाद होता, पण एक कुंडी शाबूत नव्हती. देवळाच्या आवारात जळक्या मातीतून एक रोप वर आलं होतं, ते तिने चिखलाच्या गोळ्यात बसवलं, भोवती शेवाळ गुंडाळलं आणि फुटक्या बशीत ठेवलं. त्या पत्र्याखाली तेवढीच एक वस्तू होती, तिला पाणी घालायला रोज सकाळी उठावं लागायचं. "मी तेव्हा उठत नव्हतो," तोकुदा म्हणाले. "आई पाणी घालायचं विसरल्याचं नाटक करायची. मग मला उठावं लागायचं."

हिराबाईंनी गोळा विहिरीच्या कठड्यावर सावलीत नेऊन ठेवला, हात धुतले आणि परत आल्या.

"साहेबांनी माझं ऐकलं," त्या म्हणाल्या. "आता त्यांचं सांगा. ते दोरीचं काय हाय?"

तोकुदांनी भाषण केलं नाही. अंगणातल्या चिखलात काड्या टोचून खाचर केलं. ओळी अशा, दोन ओळींत एवढी जागा, एका जागी दोन-तीनच रोपं. हिराबाई उकिडव्या बसून पाहत होत्या.

"ह्या मधल्या जागंतून चालता येतं?"

तोकुदा म्हणाले, चालता येतं, आणि उभ्याने ढकलायचं एक अवजार फिरवलं की तण निघतं. ते खात्याकडून मिळेल.

"म्हंजे बेणनी उभ्यानं?" त्यांनी मला दोनदा विचारून खात्री केली. भातातलं तण वाकून काढण्यात त्यांचे दरवर्षी पंधरा-वीस दिवस जात, आणि नंतर महिनाभर कंबर सरळ होत नसे. "वरचं खाचर देते," त्या म्हणाल्या.

"पोराला इचारल्याबिगर न्हाय," सासरे पडवीतून म्हणाले. "कागद टाक त्याला."

"कागद जाऊन येईस्तवर आवण जून हुईल, मामंजी."

"नि पिकलं न्हाय तर?"

वरचं खाचर हिराबाईंच्या चारांतलं सगळ्यांत चांगलं होतं, हे मला नंतर कळलं. "न्हाय पिकलं तर माझ्या ताटातला भात कमी करा," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी पेजंवर राहीन."

सासऱ्यांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, संपलं.

पण दुसऱ्या दिवशी हिराबाई आणि त्यांनी बोलावलेल्या वाडीतल्या सहा बायका पानांची इरली पांघरून वरच्या खाचरात उतरल्या. तोकुदांनी बूट काढून बांधावर ठेवले आणि अनवाणी चिखलात गेले. मलाही जावं लागलं. चौथ्या पावलाला मी बसलो, पाचव्याला आडवा झालो. बायकांना त्यामुळे फार बरं वाटलं असावं, कारण त्यानंतर त्या माझ्याशी मोकळेपणाने बोलायला लागल्या. अनंतबुवांचा सुंभ दोन खुंट्यांना बांधला होता. पहिल्या ओळीला इतका वेळ लागला, की एक बाई म्हणाली, असं केलं तर दिवाळीला लावणी संपेल. दोरी पाण्याने जड होऊन मध्ये झोल खात होती आणि ओळ धनुष्यासारखी वाकडी जात होती.

तेवढ्यात बांधावरून सासरे खाली आले. धोतर खोचलेलं, हातात कोयती. "दोरी ढिली हाय," ते कोणाकडेच न पाहता म्हणाले. त्यांनी खुंटी उपटली, दोन हात मागे नेऊन ठोकली, सुंभाला पीळ दिला आणि गाठ मारली. दोरी तारेसारखी ताठ झाली. मग दिवसभर ते त्या टोकालाच उभे होते. बायकांनी एक ओळ पुरी केली की ते खुंटी पुढे न्यायचे, आणि दुसऱ्या टोकाला तोकुदा न्यायचे. दुपारपर्यंत हात बसले. बायकांनी गाणं धरलं, आणि गाण्याचं कडवं संपायला नि ओळ संपायला एकच वेळ यायला लागली. जेवायला बांधावर पेज आणि सुका बोंबील आला. तोकुदांनी पेजेचा पहिला घोट घेतला आणि म्हणाले, त्यांच्याकडेही आजाऱ्याला हेच देतात, असंच मीठ घालून.

संध्याकाळी ओढा उतरला आणि आम्ही निघालो.

पुन्हा तळ्याला

कार्तिकात खात्याने मला एकट्याला कापणी पाहायला पाठवलं. तोकुदा तोवर दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते. ओढ्यात घोट्याइतकं पाणी होतं. डोंगर पिवळे पडले होते आणि आषाढात जिथे मी आडवा झालो होतो तिथली जमीन तडकली होती.

खात्याने पाठवलेलं बेणणीचं अवजार पडवीत टेकून ठेवलेलं होतं. विहिरीवर आता तीन गोळे होते. दोन हिराबाईंनी नंतर केले होते, एकात ओवा, एकात पानवेलीची कांडी. पाऊस गेल्यावर शेवाळ तपकिरी पडलं होतं, पण रहाटाचं पाणी उडतं त्या बाजूने ते अजून हिरवं होतं. त्यांनी मला ते दाखवले आणि लगेच खाचराकडे घेऊन गेल्या, कारण त्यांना दाखवायचं होतं ते तिथे होतं.

वरचं खाचर अर्धं कापून झालं होतं. भारे बांधावर रचलेले. शेजारच्या खाचरातल्या भाऱ्यांपेक्षा ते जाड होते, हे मला बार्शीच्या माणसालाही न मोजताच दिसत होतं. लोंब्या इतक्या जड, की भारा उचलला की टोकं खाली वाकत. सासरे एक लोंबी तळहातावर चोळून दाणे पाहत होते. मला म्हणाले, "पुढल्या साली दोरी काथ्याची नको. तार आना."

कापणीसाठी हिराबाईंचे यजमान मुंबईहून आठ दिवसांच्या रजेवर आले होते. विळा बाजूला ठेवून ते माझ्याजवळ आले. शहरात राहिलेल्या माणसाचं बोलणं, पण चिखलाला न बिचकणारे पाय.

"तुम्हीच का ते दोरीवाले?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो. आता काय ऐकावं लागतंय म्हणून जरा सावरून उभा राहिलो.

"मला विचारलं नाही हिनं," ते म्हणाले. खाचराच्या दुसऱ्या टोकाला हिराबाई भारा डोक्यावर घेत होत्या, तिकडे ते बघत राहिले. "कागद आला तो लावणी झाल्यावर आला. बरं झालं. मी नाही म्हणालो असतो."